पोढी आणि वाट : जुन्नर–नाणेघाटच्या मुरमाड मार्गावरील एक अभ्यास

महाराष्ट्रातील बौद्ध लेण्यांचा अभ्यास आता दीडशे वर्षांहून अधिक जुना झाला आहे. जेम्स बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांतील शिलालेखांचा संग्रह १८८१ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर लिपी, राजवंश, स्थापत्य व शिल्प या अंगांनी पुष्कळ लेखन झाले. विद्या दहेजिया यांचा ग्रंथ १९७२ साली व एस. नागराजू यांचा ग्रंथ १९८१ साली आला आणि कालक्रमाचा प्रश्न बराच स्पष्ट झाला. तथापि एका लेण्यापासून दुसऱ्या लेण्यापर्यंत जी वाट जाते, तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले. याला ठळक अपवाद दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा. पालि पंडित धर्मानंद कोसंबी यांच्या या पुत्राने पुण्याच्या परिसरातील घाटवाटा, देवस्थाने व लेणी पायी हिंडून पाहिली आणि प्राचीन व्यापारी मार्ग जमिनीवर ओळखण्याचा प्रयत्न केला. त्यांचा १९६२ सालचा ‘मिथ अँड रिअॅलिटी’ हा ग्रंथ त्या भ्रमंतीचे फळ आहे. ग्रंथालयातील पुराव्याला पायांखालच्या पुराव्याची जोड द्यावी, हा त्यांचा धडा आम्हांस आजही मोलाचा वाटतो.

अलीकडे या पायी पद्धतीला एक नवे साधन मिळाले आहे. डांबर नसलेल्या, खडीच्या व मुरमाच्या रस्त्यांवर दूरवर जाण्यासाठी बनविलेली ‘ग्रॅव्हल बाईक’ नावाची सायकल आपल्याकडेही दिसू लागली आहे. शर्यतीच्या सायकलीसारखी तिची मूठ वाकडी असते. परंतु टायर रुंद, साधारणतः ३५ ते ५० मिलिमीटरचे असतात, त्यांत हवा कमी भरतात आणि चढासाठी हलके गिअर असतात. अमेरिकेतील कान्सास राज्याच्या टेकाडांत २००६ पासून अशा रस्त्यांवरील एक मोठी शर्यत भरते आणि २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा झाली. शर्यतीशी आमचा संबंध नाही. परंतु काही तरुण विद्यार्थ्यांच्या संगतीने आम्ही हे वाहन लेण्यांच्या वाटांवर वापरून पाहिले आणि त्यातून काही प्रश्न नव्याने समोर आले. प्रस्तुत लेखात जुन्नर ते नाणेघाट या मार्गाच्या आधारे खडक, वाट आणि पाणी यांचा परस्परसंबंध मांडण्याचा विचार आहे. या तिहींत आम्ही पाण्याला अग्रस्थान देतो. त्याचे कारण लेखाच्या ओघात वाचकांच्या ध्यानी येईल.

खडकाची घडण

सह्याद्रीचा व दख्खनच्या पठाराचा हा प्रदेश ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून घडला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर आला व थरावर थर साचत गेले. आज शिल्लक असलेले हे क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते. थरांच्या कडा झिजून डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार आला. भूशास्त्रज्ञ या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. शिवनेरी, चावंड, जीवधन यांचे कडे दुरून पाहिले तरी हा जिना डोळ्यांना दिसतो.

सर्व थर सारखे नाहीत. काही थर घट्ट व एकसंध आहेत. काहींत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या झाल्या व पुढे त्या गारगोटीसारख्या खनिजांनी भरल्या. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे लाल मातीचा पातळ पट्टा आढळतो. लेणी कोरणाऱ्या कारागिरांना हा भेद पुरता ठाऊक होता. छत टिकेल असा एकसंध थर निवडावा, कड्याच्या अंगाने आत शिरावे, वरून खाली कोरीत यावे आणि पावसाचे पाणी पन्हळीने वळवून शेजारच्या टाक्यात घ्यावे, ही त्यांची रीत होती. हाच खडक झिजला की मुरूम होतो आणि मुरूम आणखी कुजला की काळी माती होते. म्हणजे लेण्याची भिंत, वाटेचा मुरूम आणि शेताची काळी जमीन ही एकाच द्रव्याची तीन रूपे आहेत. सायकलीच्या चाकाला ही तिन्ही रूपे एका दिवसात भेटतात. कोरड्या मुरमावर ते सुरळीत धावते, सुट्या खडीवर घसरते आणि अवकाळी पावसानंतरच्या काळ्या मातीत चिमट्यापर्यंत चिखल भरून जागीच थांबते.

विनयपिटकातील दक्षिणापथ

या भूमीचे एक अतिशय जुने व नेमके वर्णन पालि विनयपिटकात आहे, याची नोंद वाचकांनी अवश्य घ्यावी. महावग्गाच्या चम्मक्खन्धकात सोण कुटिकण्णाची कथा येते. अवन्ति प्रदेशातील कुररघर येथे आयुष्मान महाकच्चान राहत असत. त्यांचा उपासक सोण याला उपसंपदा हवी होती; परंतु त्या दूरच्या मुलखात आवश्यक ते दहा भिक्खू जमविण्यास तीन वर्षे लागली. पुढे सोण भगवंतांच्या दर्शनास सावत्थीला निघाला, तेव्हा महाकच्चानांनी त्याच्याबरोबर पाच विनंत्या पाठविल्या. त्यांपैकी एक पादत्राणांविषयी होती. अवन्ति-दक्खिणापथाची जमीन ‘कण्हुत्तरा’ म्हणजे वर काळी माती असलेली, कठीण आणि ‘गोकण्टकहता’ म्हणजे गुरांच्या खुरांनी तुडवून खडबडीत झालेली आहे, असे निवेदन करून तेथे अनेक पदरी तळव्यांच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा मागितली गेली. तथागतांनी ती दिली. दहाऐवजी विनयधरासह पाच भिक्खूंच्या गणाने उपसंपदा देण्याची मुभाही याच वेळी मिळाली.

या प्रसंगाकडे बहुधा संघाच्या शिस्तीतील एक सवलत म्हणून पाहिले जाते. आम्हांस त्यात भूगोल दिसतो. लाव्ह्याच्या खडकातून झालेली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी टणक होते व पावसाळ्यात उमटलेले खुरांचे ठसे तशाच कडक कंगोऱ्यांनिशी उभे राहतात. माळव्यापासून आपल्या पठारापर्यंत हीच अवस्था आहे. ज्याने उन्हाळ्यात येथील गाडीवाटेवरून सायकल नेली असेल, त्याला ‘गोकण्टक’ या शब्दावर अट्ठकथेची गरज उरणार नाही. तळवा जाड करावा लागतो, मग तो वहाणेचा असो की टायरचा. नियम भूमीला पाहून बदलता येतो, ही तथागतांची दृष्टीही येथे स्पष्ट होते. धम्म दक्षिणेत आला तो या वाटांवरून, पायी आणि जाड वहाणांनी. ‘दक्षिणापथ’ या नावातच पथ आहे.

चुल्लवग्गातील आणखी एक कथा या संदर्भात सांगण्याजोगी आहे. कोसल देशात दोन भिक्खू एकत्र प्रवास करीत होते. एकाच्या अनाचाराबद्दल दुसऱ्याने त्यास बोल लावला व त्याने तो राग मनात ठेवला. पुढे बोल लावणाऱ्यास तहान लागली, तेव्हा त्याने सोबत्याकडे पाणी गाळण्याचे ‘परिस्सावन’ मागितले. ते त्याला मिळाले नाही आणि तो तहानेने मरण पावला. यावर प्रवासात परिस्सावन मागितल्यास नाकारू नये आणि त्याखेरीज प्रवासास निघू नये, असा नियम झाला. प्रवाशाला पाणी नाकारणे हा धम्मविनयात दोष ठरला, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

चाकाची गती

इ. स. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत पैठण व तगर (आजचे तेर) येथील माल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून भडोचला जात असल्याचा उल्लेख आहे. कल्याण बंदराचेही नाव त्यात येते. म्हणजे पठारावर चाक चालत होते. नाणेघाटात मात्र ते थांबत असले पाहिजे. खडक फोडून केलेली घाटमाथ्यावरची अरुंद खिंड व तिच्याखालील दगडी उतार माणसांसाठी आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी आहे. आजही सायकल घेऊन कोकणात वैशाखऱ्याच्या बाजूस उतरावयाचे तर ती खांद्यावर घ्यावी लागते. येथे माल गाडीतून उतरून बैलाच्या पाठीवर चढत असावा, असे अनुमान ती खिंड पाहताच करता येते.

मोटारीने जाणाऱ्यास जुन्नर ते घाटघर हा जेमतेम तासाभराचा मार्ग आहे आणि आता त्याचा बराच भाग डांबरी झाला आहे. डांबर सोडून आपटाळे, चावंड या बाजूंनी शेतांमधल्या व डोंगरपायथ्याच्या मुरमाच्या वाटा धरल्या, तर निम्मा दिवस सहज जातो. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या या गतीचा लाभ असा की, चढ पायांना कळतो व तहान घशाला कळते. कोणत्या वळणावर माणूस व जनावर दमत असेल, कोठे सावली शोधत असेल, कोठे मुक्काम करीत असेल, याचा अंदाज येऊ लागतो. नकाशावर विखुरलेली वाटणारी लेणी व टाकी मग मुक्कामांच्या साखळीसारखी दिसू लागतात.

या वाटा टिकल्या त्या कोणाच्या पायांनी, याचाही उल्लेख झाला पाहिजे. घाटमाथ्याच्या गावांतील महादेव कोळी समाज हिरडा गोळा करण्यासाठी, गुरांसाठी व बाजारासाठी त्या आजवर वापरीत आला आहे. कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो, हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नाही. ते या लोकांपाशी आहे.

जुन्नरची लेणी आणि दाते

जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. पश्चिमेस पाडळीजवळ तुळजा लेणी, गावाला लागून शिवनेरी, दक्षिणेस मानमोडी आणि कुकडी नदीपलीकडे लेण्याद्री असे त्यांचे मुख्य गट. तुळजा लेण्यांतील वर्तुळाकार चैत्यगृह बारा साध्या अष्टकोनी खांबांचे आहे व ते इ. स. पू. पहिल्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. येथील तीसहून अधिक ब्राह्मी शिलालेख प्राकृतात आहेत. पालि जाणणाऱ्यास ते फारसे अडत नाहीत.

हे दाते कोण होते? लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने दिले. कल्याण हे घाटाखालचे बंदर आणि लेण्याद्री घाटावरची, म्हणजे हा एकच लेख नाणेघाटाच्या दोन्ही टोकांना जोडतो. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व एक पोढी दिली. बांबूकाम करणारे ‘वसकार’ आणि काशाचे काम करणारे ‘कासाकार’ यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचे लेख आहेत. गत कुलातील यवन इरिल याने दोन पोढ्या दिल्या; यवन चित याने संघासाठी भोजनमंडप दिला; यवन चंद याने मानमोडीच्या एका चैत्यगृहाचे गर्भद्वार दिले. अदुथुम नावाच्या शक उपासकाच्या दानलेखात करंजाच्या झाडांशी निगडित वीस निवर्तने व वडाशी निगडित नऊ निवर्तने जमीन नोंदलेली आहे. धम्मुत्तरिय निकायाच्या भिक्खुनींच्या नगरातील उपस्सयासाठी केलेल्या व्यवस्थेचाही उल्लेख एका लेखात येतो. आणि महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याने संवत्सर ४६ मध्ये एक मंडप व एक पोढी दिली.

या यादीत सोनार आहे, धान्यविक्रेते आहेत, बुरूड व कासार आहेत, परदेशातून आलेले यवन-शक आहेत आणि राज्याचा अधिकारीही आहे. बहुतेकांची ओळख व्यवसाय, गाव व नाते यांवरून सांगितली आहे. ज्यांची नावे पुराणांनी व राजप्रशस्तींनी नोंदली नसती, त्यांची नावे खडकाने नोंदली. लेणी म्हणजे लोकवस्तीपासून तुटलेल्या तपस्व्यांच्या गुहा होत, हा समज या यादीपुढे टिकत नाही. भिक्खूला दररोज पिंडपातासाठी गाव हवे, वर्षावासासाठी छप्पर हवे आणि आठ कोरडे महिने पाणी हवे. लेणे म्हणूनच गावाच्या व वाटेच्या टप्प्यात असते.

वरील दानांत एक शब्द पुनःपुन्हा येतो, तो ‘पोढी’. खडकात कोरलेले पाण्याचे टाके असा त्याचा अर्थ. इतर लेण्यांत ‘पानीयपोढी’ असेही रूप आढळते. बाहेरून चौकोनी लहान तोंड आणि आत रुंद पोट, अशी पुष्कळ पोढ्यांची रचना असते. त्यामुळे उन्हाने पाणी कमी आटते. चैत्यगृह पाहणारे अनेक, पोढीत डोकावणारे थोडे. परंतु दान म्हणून पोढीची नोंद लेण्याच्या बरोबरीने होते. संयुत्तनिकायातील वनरोप सुत्तात वृक्ष व उपवने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोई व विहिरी देणारे आणि निवारा देणारे यांचे पुण्य अहोरात्र वाढते, असा आशय आहे. करंज, वड, पोढी, उपस्सय ही जुन्नरच्या दानांची यादी त्या सुत्ताशेजारी ठेवून पाहावी. सुत्तातील ‘पपा’ म्हणजे संस्कृत ‘प्रपा’. आपल्या ‘पाणपोई’तील ‘पोई’ त्याच शब्दाची वंशज आहे.

घाटमाथ्यावरील दोन नोंदी

नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुप्रसिद्ध लेख आहे. सातकर्णी पहिला याची ती पत्नी. एका भिंतीवर राजकुलातील व्यक्तींची नावे आहेत. त्यांच्या प्रतिमा नष्ट झाल्या असून थोडे अवशेष तेवढे उरले आहेत. बाजूच्या भिंतींवर अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची मोजदाद आहे. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण यांचे आकडे त्यात आहेत आणि अंकलेखनाच्या इतिहासात या लेखाला महत्त्वाचे स्थान आहे. हा लेख बौद्ध नाही. सातवाहन राजांच्या काळात लेणी कोरली गेली म्हणून ते राजे बौद्ध होते, असे विधान आपल्याकडे कधीकधी केले जाते; त्याला हा पुरावा आधार देत नाही. इतिहास आपल्या सोयीचा करून सांगण्याची आपल्याला गरज नाही. आहे तसा तो पुरेसा बोलका आहे.

कारण त्याच घाटमाथ्यावर दुसरीही नोंद आहे. एका पोढीच्या लेखात सोपाऱ्याचा गोविंददास याने ती दान दिल्याचे म्हटले आहे. वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णी या राजाच्या तेराव्या वर्षी दामघोष नावाच्या गृहपतीनेही येथे पोढी दिली. सोपारा म्हणजे जेथे अशोकाच्या धम्मलिपीचा तुकडा १८८२ साली सापडला, ते प्राचीन बंदर. गोविंददास हे नाव पाहता दाता बौद्ध होता, असे ठामपणे म्हणता येणार नाही. तसे म्हणण्याचे कारणही नाही. घाट चढून आलेल्या तहानलेल्या माणसासाठी पाण्याची सोय करणे, हे पुण्य त्या काळी पंथांच्या सीमा ओलांडून मान्य झाले होते, एवढे त्यावरून निश्चित दिसते. नहपानाचा जावई उषवदात हा ब्राह्मणांना विपुल दाने देणारा, आणि संघालाही लेणे देणारा. त्याच्या नाशिकच्या लेखात विश्रामगृहे, विहिरी, मोफत तरी व नदीकाठच्या प्रपा यांची गणना आहे.

घाटमाथ्यावर उभे राहिले म्हणजे या दोन नोंदींतील अंतर जाणवते. यज्ञातील गायी व कार्षापण ज्यांना मिळाले, त्यांना ते मिळाले. वाटसरूच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. पोढी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कामी आली. घाटाजवळचा मोठा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे लोक सांगतात व घाटाचे नावही त्यावरूनच पडले, असे मानतात. पैसा, यज्ञ आणि पाणी यांच्या खुणा अशा एकाच खिंडीत जवळजवळ नांदत आहेत.

मध्ययुगातील स्थित्यंतरे

या मार्गाचे महत्त्व सातवाहनांबरोबर संपले नाही. कुकडीच्या उगमाजवळ पूर येथे कुकडेश्वराचे शिल्पसमृद्ध मध्ययुगीन मंदिर आहे. मानमोडीच्या एका गटात मध्ययुगात जैनांनी अंबिकेची प्रतिमा कोरली. ‘अंबा-अंबिका’ हे नाव त्यावरून पडले. लेण्याद्रीच्या सातव्या क्रमांकाच्या लेण्यात, वीस खोल्यांच्या विशाल विहारात, आज गिरिजात्मज गणेशाचे स्थान आहे आणि ते अष्टविनायकांत मोडते. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन हे किल्ले मार्गाचे रक्षक बनले. मलिक अहमदने १४९० साली जुन्नरच्या परिसरातूनच निजामशाहीचा पाया घातला. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म झाला. ज्या डोंगराच्या कड्यांत भिक्खूंच्या कुटी व पोढ्या होत्या, त्याच्याच माथ्यावर तटबंदी आली.

या बदलांची नोंद आम्ही कोणाच्या श्रद्धेचा अवमान करण्यासाठी करीत नाही. श्रद्धास्थाने बदलत असतात आणि खडक त्या सर्वांची साक्ष देतो. आमचे म्हणणे इतकेच की, प्रत्येक थराला त्याचे नाव मिळावे. विहाराला विहार म्हणावे, जैन शिल्पाला जैन म्हणावे, किल्ल्याला किल्ला म्हणावे. ‘पांडवांनी एका रात्रीत कोरले’ असे म्हटले की सुलसदत्त, इरिल, बुरूड, कासार आणि धान्यविक्रेते या सर्वांचे श्रम व दान पुसले जाते. पूर्वजांची नावे पुसली जाण्याचे दुःख आपल्या समाजाला वेगळे सांगावे लागत नाही.

पाणी जेव्हा बंद झाले

लेण्यांची पोढी ते अलीकडच्या काळातील तळे हा प्रवास आम्हांस या विषयातील सर्वांत गंभीर भाग वाटतो. संघात प्रवेशाला वर्णाची अट नव्हती. तेव्हा संघाच्या पाण्याला ती असण्याचे कारण नव्हते. दिव्यावदानातील आनंद आणि मातंगकन्या प्रकृती यांची कथा वाचकांना परिचित आहे. ती विहिरीवर पाणी भरीत असता आनंदाने पाणी मागितले. तिने आपली जात सांगितली. त्यावर आपण जात विचारली नसून पाणी मागितले आहे, असे त्याने उत्तर दिले.

याच काळ्या खडकावर पुढील काळात काय घडले? महाडच्या वेशीवर गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत. तेथील एका लेखात कुमार काणभोअ विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या व लेण्याच्या दोन बाजूंस दोन पोढ्या दिल्याची आणि त्याबरोबर वाटेचीही नोंद आहे. वाट आणि पाणी ही दोन दाने एकाच लेखात आली आहेत. त्याच महाड नगरात, लेण्यांपासून थोड्या अंतरावर, २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सार्वजनिक चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत खडक फोडून प्रवाशासाठी पाणी ठेवणाऱ्या भूमीत, विसाव्या शतकात भरलेल्या तळ्याला हात लावण्यासाठी लढावे लागले.

दुसरा प्रसंग दौलताबादचा. आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळचा हा देवगिरी किल्ला यादवांची राजधानी होता आणि याच लाव्ह्याच्या खडकातील एकाकी डोंगर तासून तो अजिंक्य केला गेला. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले असता वाटेत तेथे थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी प्रवेशद्वाराजवळच्या हौदात हातपाय धुतले. हौद बाटविल्याचा आरोप करीत जमाव गोळा झाला, शिवीगाळ झाली आणि अखेर पाण्याला हात लावणार नाही या अटीवर, सशस्त्र पहाऱ्यात त्यांना किल्ला पाहावा लागला. हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणात नोंदविला आहे. अस्पृश्यता केवळ एका धर्माच्या लोकांकडून पाळली जात नव्हती, हे त्यातून त्यांनी दाखवून दिले. लेणी पाहण्यासाठी निघालेल्या प्रवाशांना वाटेत पाणी नाकारले गेले, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. चुल्लवग्गातील नियमाने जो दोष मानला, तोच येथे धर्माचरण म्हणून मिरविला गेला.

म्हणून जुन्नरच्या वाटेवर आपला मुलगा किंवा मुलगी सायकलीने जाऊन एखाद्या पोढीजवळ थांबते, तेव्हा तो केवळ सहलीचा भाग राहत नाही. आजोबा-पणजोबांना ज्या गावांच्या पाणवठ्यांवर मज्जाव होता, त्याच मुलखात हा प्रवास होतो. ही वाट, हे पाणी व हा इतिहास यांवर आपला अधिकार कोणाच्या कृपेने आलेला नाही. तो लेखांत कोरलेला आहे आणि महाडच्या लढ्याने पुन्हा सिद्ध केलेला आहे.

कर्तव्याची दिशा

आज लेण्यांपुढे धोके अनेक आहेत. शिलालेखांवर नावे कोरली जातात व रंग लावला जातो. पोढ्यांत प्लास्टिकच्या बाटल्या व गाळ साचतो. मुरमाच्या वाटांवर काँक्रीट पडते आणि बाजूचे छोटे टाके, पायऱ्या, जुन्या वाटेच्या खुणा त्याखाली गाडल्या जातात. गावाला रस्ता हवा, याबद्दल वाद नाही. दवाखान्यात वेळेवर पोहोचणे हा घाटमाथ्यावरील माणसाचा हक्क आहे. परंतु काम सुरू करण्यापूर्वी जुन्या खुणांची नोंद घेणे अशक्य नाही.

येथे आमच्या तरुण उपासक-उपासिकांना मोठे कार्य आहे. विहारांतून धम्मसहली निघतात, त्या बहुधा मोटारींनी मुख्य लेण्यापर्यंत जातात व वंदना करून परततात. त्यांपैकी काहींनी पायी अथवा सायकलीने जुन्या वाटेने जावे. त्यासाठी महागड्या सायकलीची अट नाही. गावातील साधी काळी सायकलही, टायर व ब्रेक नीट असल्यास, मुरमावर चालते. हिवाळ्याचे दिवस निवडावेत. पंक्चरचे सामान, पंप आणि पुरेसे पाणी बरोबर घ्यावे, कारण पोढीतील पाणी आज सर्वत्र पिण्याजोगे राहिलेले नाही. वाटेतील प्रत्येक टाक्याचे स्थान, मोजमाप, पन्हळी, पाणी असल्याचा महिना व स्थानिक नाव वहीत टिपावे. लेखाला हात लावू नये, खडू फिरवू नये. तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे, अक्षर आपोआप उठून दिसते. संरक्षित स्मारकाच्या आत स्वतः सफाई अथवा खोदकाम न करता पुरातत्त्व खात्याला लेखी कळवावे. गावकऱ्यांशी आदराने बोलावे व त्यांचे ज्ञान त्यांच्या अनुमतीने नोंदवावे. ब्राह्मी लिपी शिकण्यास काही महिन्यांचा नेटका अभ्यास पुरतो आणि पालि येत असल्यास लेखांचा अर्थ लागण्यास फार काळ लागत नाही.

अशा नोंदी पाच-दहा वर्षे सातत्याने जमा झाल्या, तर कल्याण, नाणेघाट, जुन्नर, पैठण या मार्गावरील पाणवठ्यांचा एक विश्वसनीय आलेख तयार होईल. कोणत्या पोढीने कोणता मुक्काम सांभाळला, दोन मुक्कामांत किती अंतर होते, पावसाळ्यात संघ कोठे थांबत असेल, या प्रश्नांना तेव्हा अनुमानापलीकडचे उत्तर देता येईल. हे काम एकट्या विद्वानाचे नाही. श्रेणींनी मिळून जशी लेणी दिली, तसे ते अनेकांनी मिळून करावयाचे आहे. येत्या हिवाळ्यात ज्या विहारांना अशी सहल काढावयाची असेल, त्यांनी प्रारंभ तुळजा लेण्यांपासून करावा आणि पहिल्या वहीत पहिली नोंद पोढीची करावी.